अपघात, रुग्णालय आणि विमा कंपनी : न्यूयॉर्कमधील ‘नो-फॉल्ट’ बिलांच्या वादात रुग्णाने काय सांभाळावे

न्यूयॉर्क राज्यात मोटार अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीच्या उपचारांचा खर्च, अपघातात चूक कोणाची होती हे ठरण्याची वाट न पाहता, संबंधित वाहनाच्या विमा कंपनीने द्यावा, अशी व्यवस्था १ फेब्रुवारी १९७४ पासून अमलात आहे आणि तिला तिथे ‘नो-फॉल्ट’ असे म्हणतात. चुकीचा प्रश्न बाजूला ठेवला की भांडण मिटेल, ही कायदा करणाऱ्यांची अपेक्षा निम्मीच खरी ठरली. दोन चालकांमधले भांडण बरेचसे आटोक्यात आले. पण उपचार खरोखर आवश्यक होते का, आकारलेला दर बरोबर आहे का, कागद मुदतीत पोहोचले का, या प्रश्नांवरून रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात नवे भांडण उभे राहिले. या भांडणात जखमी माणूस वरवर पाहता पक्षकार नसतो, तरीही त्याने न उघडलेले एखादे पाकीट किंवा चुकवलेली एखादी तारीख रुग्णालयाचे बिल त्याच्याच दारात आणून ठेवू शकते. क्वीन्स, लाँग आयलंड किंवा वेस्टचेस्टर भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, आणि त्यातही ज्यांच्याकडे महाराष्ट्रातून आईवडील काही महिन्यांसाठी येतात त्यांनी, ही व्यवस्था गरज पडण्याआधीच समजून घ्यावी, यासाठी हा लेख आहे.

भारतीय वाचकाला ‘दोष सिद्ध न करता भरपाई’ ही कल्पना अपरिचित नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये भरपाई चूक सिद्ध न करता मागता येते, आणि २०२५ मध्ये लागू झालेल्या योजनेखाली रस्ते अपघातातील जखमींवर दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पहिल्या सात दिवसांत रोख पैसे न भरता होऊ शकतात. न्यूयॉर्कची व्यवस्था मात्र एकरकमी भरपाईची नाही. तिथे ज्या वाहनात जखमी व्यक्ती बसली होती त्या वाहनाची, किंवा ती पायी चालत असेल तर ज्या वाहनाने धडक दिली त्या वाहनाची विमा कंपनी एकेक बिल तपासून भागवत जाते. प्रत्येक व्यक्तीमागे या लाभाची किमान मर्यादा ५०,००० डॉलर आहे. तिच्यात उपचारांचा खर्च येतो. बुडालेल्या पगाराच्या ८० टक्के रक्कम, महिन्याला जास्तीत जास्त २,००० डॉलर या हिशेबाने, तीन वर्षांपर्यंत येते. आणि प्रवास, घरकामाची मदत अशा इतर वाजवी खर्चासाठी दिवसाला २५ डॉलर एक वर्षापर्यंत येतात. मृत्यू झाल्यास २,००० डॉलर याव्यतिरिक्त मिळतात. मोटरसायकलवर बसलेल्यांना हे संरक्षण नाही, आणि नोकरीच्या कामावर असताना अपघात झाला असेल तर आधी कामगार भरपाईच्या विम्याकडे जावे लागते. टॅक्सी चालवणाऱ्यांनी किंवा घरपोच माल पोहोचवणाऱ्यांनी हा फरक विशेष लक्षात ठेवावा, कारण चुकीच्या विमा कंपनीकडे गेलेला दावा परत येईपर्यंत बरोबर कंपनीकडची मुदत निघून जाण्याची भीती असते.

रुग्णालय या चित्रात येते ते रुग्णाच्या एका सहीमुळे. तातडीच्या विभागात दाखल होताना जे कागद पुढे केले जातात त्यांत हक्क हस्तांतरणाचा एक विहित नमुना असतो. त्यावर सही केली की विमा कंपनीकडून पैसे मागण्याचा रुग्णाचा हक्क रुग्णालयाकडे जातो, आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार, लवाद किंवा खटला रुग्णालय स्वतःच्या नावाने चालवू शकते. या नमुन्यातली दोन वाक्ये प्रत्येकाने शांतपणे वाचली पाहिजेत. पहिल्यात रुग्णालय असे लिहून देते की या अपघातातील उपचारांचे पैसे ते रुग्णाकडून मागणार नाही, मग याविरुद्ध दुसरा कोणताही करार झालेला असो. दुसऱ्यात त्या वचनाला अपवाद आहे. रुग्णाला विम्याचे संरक्षणच नसल्यामुळे, किंवा रुग्णाच्या स्वतःच्या वागण्यामुळे पॉलिसीची एखादी अट मोडल्यामुळे लाभ नाकारला गेला, तर रुग्णालय हे हस्तांतरण रद्द करू शकते. म्हणजे उपचार अनावश्यक होते, दर जास्त लावला, बिल उशिरा पाठवले, अशा कारणांनी विमा कंपनीने पैसे नाकारले तर तो तोटा रुग्णालयाने सोसायचा किंवा भांडून मिळवायचा. पण रुग्णाने सूचना वेळेत दिली नाही, बोलावल्यावर तो तपासणीला गेला नाही, अशा कारणांनी नाकारले तर बिल रुग्णाच्या नावावर येण्याची वाट मोकळी होते. रुग्णाने या वादात नेमके काय सांभाळायचे, याची सीमारेषा या एका अपवादाने आखून दिली आहे आणि पुढचे सगळे मार्गदर्शन तिच्याच भोवती फिरते.

पहिली जबाबदारी सूचनेची आहे. अपघात झाल्यापासून ३० दिवसांच्या आत विमा कंपनीला लेखी सूचना मिळाली पाहिजे. ही मुदत पूर्वी ९० दिवसांची होती. २००२ मध्ये नियम बदलून ती एक तृतीयांश करण्यात आली, आणि उपचारांचे बिल सादर करण्याची रुग्णालयाची व डॉक्टरांची मुदतही १८० दिवसांवरून ४५ दिवसांवर आणली गेली. सूचनेसाठी ‘एन-एफ-२’ या क्रमांकाचा अर्ज भरतात. मात्र रुग्णालयाने आपला ‘एन-एफ-५’ हा नमुना भरून कंपनीकडे पोहोचवला असेल तर तोही सूचना म्हणून धरला जातो. तरीही रुग्णालयावर विसंबून स्वतःचा अर्ज पाठवायचे टाळू नये. अर्जात अपघाताचा प्रकार, वाहनात कोण कुठे बसले होते, नोकरी, आधीचा विमा असा मजकूर असतो, तो रुग्णालयाला माहीत नसतो, आणि तो मिळेपर्यंत कंपनी इतर बिलेही अडकवून ठेवू शकते. मुदत टळलीच तर दावा बुडाला असे मानून गप्प बसण्याचेही कारण नाही. उशिराचे स्पष्ट आणि वाजवी कारण लेखी दिल्यास उशीर माफ होऊ शकतो, आणि उशिराच्या कारणावरून नकार देताना ही सोय कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. अतिदक्षता विभागात पडून असणे, किंवा वाहनाचा विमा कोणाकडे आहे हे प्रामाणिक प्रयत्न करूनही न समजणे, ही कारणे कागदपत्रांसह मांडावीत. वाहनाचा विमा नक्की कोणत्या कंपनीचा यावरून दोन कंपन्यांमध्येच वाद असेल, तर ज्या कंपनीकडे सूचना पहिल्यांदा पोहोचली तिने पैसे द्यायचे आणि आपसातला हिशेब नंतर मिटवायचा, असा नियम आहे. ‘आम्ही नाही, ते देतील’ हे उत्तर त्यामुळे रुग्णाने निमूटपणे स्वीकारू नये.

विमा कंपनीवरचे बंधन याहून कडक आहे. बिल आणि त्याचा पुरावा मिळाल्यापासून ३० दिवसांत तिने पैसे द्यायचे किंवा ‘एन-एफ-१०’ या विहित नमुन्यात कारणासह नकार कळवायचा. ही मुदत चुकली तर थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के सरळव्याज चढते. १०,००० डॉलरचे बिल दहा महिने थकले तर केवळ व्याजाचे २,००० डॉलर होतात आणि वकिलाची ठरावीक फीही कंपनीलाच द्यावी लागते. पण व्याजापेक्षा मोठी शिक्षा न्यायालयांनी लावली आहे. ‘प्रेस्बिटेरियन हॉस्पिटल विरुद्ध मेरीलँड कॅज्युअल्टी’ या १९९७ च्या निकालात न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने असे ठरवले की चालक नशेत होता हे कारण विमा कंपनीला एरवी मिळू शकले असते, परंतु तिने मुदतीत नकार कळवला नाही, म्हणून आता ते कारण तिला मांडता येणार नाही. त्याच वर्षीच्या ‘सेंट्रल जनरल हॉस्पिटल विरुद्ध चब’ या निकालाने याच तत्त्वाची मर्यादा आखून दिली. उपचार गरजेपेक्षा जास्त होते, ही तक्रार मुदतीनंतर करता येत नाही. पण दुखापत मुळात या अपघातातली नाहीच, म्हणजे विम्याचे संरक्षणच लागू होत नाही, हा आक्षेप मुदत गेली तरी घेता येतो. २००७ मध्ये ‘हॉस्पिटल फॉर जॉइंट डिसीझेस विरुद्ध ट्रॅव्हलर्स’ या प्रकरणात हस्तांतरणाच्या कागदातील उणिवेचा आक्षेपही वेळेत न घेतल्यास बाद होतो, असे ठरले.

हे निकाल विमा कंपन्यांना कठोर वाटले, आणि एका तांत्रिक तारखेमुळे खरी हरकतही बुडावी का, हा प्रश्न गैर नाही. तरीही या निकालांची दिशा योग्य होती असेच म्हणावे लागते. नो-फॉल्टची सगळी देवघेवच अशी आहे की जखमी माणसाने किरकोळ दुखापतीसाठी दावा लावण्याचा हक्क सोडायचा आणि त्याच्या बदल्यात उपचारांचे पैसे झटपट मिळवायचे. त्यातला ‘झटपट’ हा भाग सैल झाला तर त्याने सोडलेल्या हक्काच्या मोबदल्यात त्याच्या हाती काहीच उरत नाही. पुढे १ एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या नियमांनी या कडकपणाला दोन ठिकाणी मुरड घातली. सेवा प्रत्यक्षात दिलीच नसेल, किंवा आकारणी दरपत्रकापेक्षा जास्त असेल, तर तेवढे पैसे देय होत नाहीत, आणि नकाराच्या नमुन्यातील किरकोळ चुकीने नकार निष्फळ ठरत नाही. दरपत्रक म्हणजे राज्याच्या कामगार भरपाई मंडळाने ठरवलेले दर. नो-फॉल्टमध्ये डॉक्टर त्याहून जास्त मागू शकत नाहीत, आणि रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे दर आजाराच्या व शस्त्रक्रियेच्या वर्गवारीवरून वेगळ्या कायद्याने ठरतात. त्यामुळे रुग्णालयाच्या पहिल्या बिलावरचा आकडा पाहून घाबरून जाऊ नये; विमा कंपनीकडून मिळणारी रक्कम बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी असते आणि उरलेला फरक रुग्णाकडे मागता येत नाही.

वर सांगितलेले ३० दिवस नेमके कधी सुरू होतात, यावर सर्वांत जास्त वाद होतात. विमा कंपनीला अधिक माहिती मागवण्याचा हक्क आहे आणि त्याला पडताळणी म्हणतात. समजा, रुग्णालयाचे बिल १ मार्चला कंपनीकडे पोहोचले. कामकाजाच्या १५ दिवसांच्या आत तिने आणखी कागद मागवले पाहिजेत. तिने १८ मार्चला शस्त्रक्रियेची टिपणे आणि एक्स-रेचा अहवाल मागितला. ३० दिवसांत, म्हणजे १७ एप्रिलपर्यंत, तो आला नाही, तर पुढच्या १० दिवसांत तिने स्मरण द्यायचे. अहवाल ५ मे रोजी पोहोचला तर ३० दिवस तेव्हापासून मोजायचे आणि ४ जूनपर्यंत पैसे किंवा नकार आला पाहिजे. पण अहवाल आलाच नाही आणि न देण्याचे वाजवी कारणही लेखी कळवले गेले नाही, तर पहिल्या मागणीपासून १२० दिवस उलटल्यावर, म्हणजे १६ जुलैनंतर, कंपनी दावा नाकारू शकते. कंपनीने मागणीच उशिरा केली, तर जितके दिवस उशीर तितके दिवस तिच्या ३० दिवसांतून वजा होतात. या तारखा पाहिल्या की रुग्णालयाचा बिल विभाग आणि विमा कंपनीचा दावा विभाग हे दोघेही पाठवलेल्या प्रत्येक कागदाचा टपालाचा पुरावा का जपतात, हे कळते. २०१५ च्या ‘व्हिव्हियान एतिएन मेडिकल केअर’ प्रकरणात सर्वोच्च अपील न्यायालयाने स्पष्टच केले की विहित नमुन्यातले बिल कंपनीला पाठवले, ते तिला मिळाले आणि पैसे थकले, एवढे दाखवले की दावेदाराची प्राथमिक बाजू उभी राहते. घरी आलेली पाकिटेही याच सावधपणे हाताळावीत. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहावी, पाकीट फेकू नये, उत्तर पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवावे आणि प्रत ठेवावी. फोनवर झालेले बोलणे या वादात फारसे उपयोगी पडत नाही.

पडताळणीचे दोन प्रकार थेट रुग्णावर येतात. एक म्हणजे विमा कंपनीने निवडलेल्या डॉक्टरकडून होणारी वैद्यकीय तपासणी, आणि दुसरा म्हणजे वकिलासमोर शपथेवर घेतला जाणारा जबाब. दोन्हींना हजर राहणे ही पॉलिसीची अट आहे. सामान्यतः दोन वेळा बोलावूनही न गेल्यास कंपनी अट मोडल्याचे सांगून दावा नाकारते, आणि मॅनहॅटन व ब्राँक्स ज्या अपील विभागात येतात तिथे २०११ च्या एका निकालापासून अशा नकाराचा परिणाम अपघाताच्या दिवसापासूनच्या बिलांवर होऊ शकतो. येथे रुग्णाच्या बाजूचे दोन नियम उपयोगी पडतात. तपासणीची वेळ आणि जागा अर्जदाराला वाजवीपणे सोयीची असली पाहिजे, आणि त्यासाठी बुडालेला पगार व जाण्यायेण्याचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. दिलेली तारीख जमत नसेल तर ती येण्यापूर्वी लेखी कळवून दुसरी मागावी. न कळवता गैरहजर राहणे हेच सर्वांत घातक. तपासणीनंतर कंपनीचा डॉक्टर ‘आता उपचारांची गरज नाही’ असा अभिप्राय देऊ शकतो, किंवा रुग्णाला न पाहता केवळ कागद तपासून दुसरा डॉक्टर तसे लिहू शकतो. अशा अहवालावरून नकार आला असेल तर त्याची प्रत लेखी मागणी केल्यावर द्यावीच लागते. ती मागून उपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवावी, कारण त्याने मुद्देसूद उत्तर लिहिले नाही तर लवादासमोर एकच बाजू राहते.

५०,००० डॉलरची रक्कम मोठी वाटली तरी शस्त्रक्रिया आणि आठवडाभराचा रुग्णालयातला मुक्काम झाला की ती किती लवकर संपते, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. रुग्णवाहिका, रुग्णालय, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, क्ष-किरण तज्ज्ञ यांची बिले वेगवेगळी येतात, प्रत्येकजण आपले हस्तांतरण घेतो आणि सगळे एकाच थैलीतून पैसे काढतात. ‘नायाक हॉस्पिटल विरुद्ध जनरल मोटर्स अॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन’ या २००७ च्या प्रकरणात न्यायालयाने असे मानले की एखाद्या रुग्णालयाच्या बिलाची पडताळणी अपुरी असताना विमा कंपनीने मधल्या काळात पूर्ण झालेले इतरांचे दावे भागवले तर त्यात गैर नाही. अपुऱ्या दाव्यासाठी तिने पैसे राखून ठेवण्याची गरज नाही. कागद उशिरा देणाऱ्या रुग्णालयाच्या हाती त्यामुळे रिकामी थैली येऊ शकते. रुग्णाने दर महिन्याला कंपनीकडे आतापर्यंत कोणाला किती दिले याचा तपशील मागावा. रक्कम संपत आली आहे असे दिसताच आपल्या आरोग्य विमा कंपनीला कळवावे आणि नो-फॉल्ट संपल्याचे पत्र हाती घ्यावे, कारण त्या पत्राशिवाय आरोग्य विमा कंपनी बिल स्वीकारायला तयार होत नाही आणि तिची स्वतःची मुदतही चालूच असते. वाहनाचा विमा घेताना थोडा जास्त हप्ता भरून ही मर्यादा २५,००० डॉलरने किंवा त्याहून अधिक वाढवता येते. ज्या घरी वृद्ध आईवडील वरचेवर येतात त्या घराने हा खर्च अवश्य करावा.

नशेत वाहन चालवणाऱ्याच्या बाबतीत पूर्वी रुग्णालयांची मोठी कोंडी होत असे. तातडीच्या विभागात आलेल्याला तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे हे १९८६ च्या केंद्रीय कायद्याने रुग्णालयावर बंधनकारक, आणि विमा कंपनी मात्र नशेचे कारण सांगून बिल नाकारणार. २०११ च्या सुरुवातीपासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने सर्वसाधारण रुग्णालयातील (‘जनरल हॉस्पिटल’) आवश्यक तातडीच्या उपचारांचे पैसे अशाही चालकासाठी देणे कंपनीला भाग पडते. दोष सिद्ध झाल्यास ती रक्कम चालकाकडून वसूल करण्याचा हक्क तिला आहे.

नकाराचा ‘एन-एफ-१०’ आला की दोन मार्ग खुले असतात, लवाद आणि न्यायालय. लवादाचे काम अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन ही संस्था पाहते. अर्जाची फी ४० डॉलर आहे आणि दावा जिंकल्यास ती परत मिळते. लवादाच्या निर्णयावर वरिष्ठ लवादाकडे दाद मागता येते, आणि त्याने मंजूर केलेली रक्कम ५,००० डॉलर किंवा अधिक असेल तरच प्रकरण न्यायालयात नव्याने ऐकले जाऊ शकते. एकदा लवाद निवडला की त्याच अपघाताच्या दुसऱ्या बिलासाठी न्यायालयाचा रस्ता सहसा बंद होतो, म्हणून पहिले लहान बिल कुठे न्यायचे याचा निर्णयही विचार करून घ्यावा. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत लवाद किंवा खटला सुरू केला नाही तर तो सुरू करेपर्यंत व्याज थांबते. दावा लावण्याची एकूण मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षांची असली तरी स्वतःचाच विमा सांभाळणाऱ्या संस्थांविरुद्ध, उदाहरणार्थ शहराच्या बससेवेविरुद्ध, ती तीन वर्षांचीच आहे, असे २०१८ मध्ये ठरले. बहुतेक वेळा हे सगळे रुग्णालयाचा वकील करतो आणि रुग्णाला त्यासाठी काही द्यावे लागत नाही. रुग्णाने एवढेच पाहावे की नकाराच्या नमुन्यावर कोणते कारण नोंदले आहे. ‘वैद्यकीय गरज नाही’ किंवा ‘दर जास्त’ असे कारण असताना रुग्णालयाकडून किंवा वसुली संस्थेकडून घरी बिल आले, तर हस्तांतरणाच्या कागदाची प्रत जोडून ते लेखी परतवावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर राज्याच्या वित्तीय सेवा विभागाचा सल्ला घ्यावा. विमा कंपनी वेळेवर उत्तरच देत नसेल, तर तिच्याविरुद्धची तक्रार या विभागाकडे विनाशुल्क करता येते.

सहीबद्दल आणखी एक सूचना आवश्यक आहे. न्यूयॉर्क शहरात अपघातग्रस्तांना गाठून ठरावीक दवाखान्यात नेणारे दलाल आहेत, आणि खऱ्या मालकाचे नाव झाकून डॉक्टरांच्या नावावर चालवलेल्या दवाखान्यांना पैसे नाकारण्याचा विमा कंपनीचा हक्क ‘मलेला’ या २००५ च्या निकालाने मान्य केला आहे. कोऱ्या हस्तांतरणावर किंवा न घेतलेल्या उपचारांच्या हजेरीपत्रकावर सही केली तर खऱ्या रुग्णालयाच्या खऱ्या बिलांकडेही संशयाने पाहिले जाते, आणि शपथेवरच्या जबाबात त्याचे उत्तर रुग्णालाच द्यावे लागते.

शेजारच्या न्यू जर्सीत, जिथे एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे, नियम वेगळे आहेत. तिथे वैद्यकीय लाभाची मर्यादा पॉलिसी घेताना निवडायची असते आणि ती १५,००० पासून अडीच लाख डॉलरपर्यंत असू शकते. काही टप्प्यांवर उपचार सुरू ठेवण्याआधी विमा कंपनीला कळवावे लागते, न कळवल्यास भरपाईत कपात होते. मिशिगनची कथा अधिक बोलकी आहे. १९७३ पासून तिथे उपचारांचा खर्च आयुष्यभर अमर्याद मिळत असे. २०१७ मध्ये ‘कव्हेनंट मेडिकल सेंटर विरुद्ध स्टेट फार्म’ या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की विमा कंपनीवर थेट दावा लावण्याचा हक्क कायद्याने रुग्णालयाला दिलेलाच नाही. त्या निकालाने रुग्णालये हस्तांतरणावर अवलंबून राहिली आणि बिलांच्या वादात रुग्णांनाच ओढण्याची पाळी आली. २०१९ च्या सुधारणेने रुग्णालयांना तो हक्क दिला, पण त्याच सुधारणेने २ जुलै २०२१ पासून दरांवर मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या दरांच्या प्रमाणात मर्यादा घातल्या, आणि घरी राहून दीर्घ शुश्रूषा घेणाऱ्या गंभीर रुग्णांची सेवा त्यामुळे तुटू लागली. सुधारणेपूर्वी जखमी झालेल्यांना त्या मर्यादा लागू नाहीत, असे २०२३ मध्ये न्यायालयाने ठरवले. मधली दोन वर्षे मात्र त्या रुग्णांना परत मिळाली नाहीत.

मुलांकडे आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका परतीच्या तिकिटात असतो. मुलाच्या गाडीत बसलेली किंवा रस्ता ओलांडताना धडक बसलेली पाहुणी व्यक्ती नो-फॉल्टच्या लाभाला पात्र असते. त्यासाठी तिथले नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य लागत नाही. भारतातून घेतलेला प्रवास विमा असला तरी आधी वाहनाच्या विमा कंपनीला सूचना द्यावी आणि प्रवास विमा कंपनीलाही तिच्या मुदतीत कळवून ठेवावे, म्हणजे ५०,००० डॉलर संपल्यावर तो दरवाजा बंद झालेला नसेल. अडचण येते ती नंतर. आई डिस्चार्ज घेऊन दोन महिन्यांनी पुण्याला किंवा कोल्हापूरला परत जाते, आणि तपासणीची किंवा जबाबाची पत्रे मुलाच्या पत्त्यावर येत राहतात. त्याला वाटते की उपचार तर झाले, आता याचे काय काम. दोन पत्रे तशीच गेली की अट मोडल्याचा नकार निघतो, रुग्णालय हस्तांतरण रद्द करू शकते आणि आईच्या नावाने मूळ बिल निघते. म्हणून परतीची तारीख नक्की होताच विमा कंपनीला आणि रुग्णालयाच्या बिल विभागाला लेखी कळवावे, तपासणी किंवा जबाब हवा असल्यास त्या तारखेपूर्वी घ्यावा अशी मागणी करावी, भारतातला टपालाचा पत्ता आणि ई-मेल द्यावा, आणि पत्रव्यवहार सांभाळण्याचे अधिकारपत्र मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करून त्याची प्रत दोन्हीकडे द्यावी. परतल्यानंतर बोलावणे आले तर प्रवास शक्य नसल्याचे डॉक्टरांच्या दाखल्यासह दिलेल्या तारखेपूर्वी कळवून दूरदृश्य पद्धतीने जबाब घेण्याची विनंती करावी. तसे पत्र फाइलमध्ये असले की पुढे नकार आला तरी रुग्णालयाच्या वकिलाला लवादासमोर दाखवायला काहीतरी हाताशी राहते.